घर आणि घरपण : न्हाणीघरातला दिवा

नवे घर बांधताना किंवा जुन्या घराची डागडुजी करताना दिव्यांचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो, आणि त्यातही न्हाणीघराचा दिवा यादीच्या अगदी तळाशी असतो. दिवाणखान्यासाठी दुकाने पालथी घातली जातात, देवघरासाठी समईच्या जोडीला शोभेल असा मंद दिवा हौसेने निवडला जातो, निजायच्या खोलीतील दिव्याच्या रंगावरून घरात दोन मते पडतात. न्हाणीघराची वेळ येईपर्यंत मात्र पैसा आणि उत्साह दोन्ही संपत आलेले असतात. ‘तिथे काय, एक बल्ब लावून टाका,’ असे वायरमनला सांगितले जाते, आणि तोही दाराच्या डोक्यावर, त्याला सोयीचे पडेल तेथे, एक होल्डर ठोकून मोकळा होतो. पुढे पंधरा-वीस वर्षे घरातील लहानथोर माणसे त्या दिव्याखाली निमूटपणे वावरत राहतात.

वास्तविक घरातील ही एकच जागा अशी आहे, की जेथे फरशी ओली असते, अंग ओले असते, पायांत वहाण नसते, आणि दाराला आतून कडी असते. पाय घसरला तर धरायला कोणी जवळ नसते. विजेचा झटका बसला तर ओल्या अंगामुळे तो दुपटीने घातक ठरतो. तेव्हा या खोलीतील दिवा हा सजावटीच्या आधी सुरक्षिततेचा प्रश्न आहे. दिवा निवडताना तो कसा दिसतो यापेक्षा त्याच्या उजेडात काय दिसते, हे आधी पाहावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

माळव्यातील आणि ग्वाल्हेरकडील आपल्या जुन्या वाड्यांत न्हाणी मागील अंगाला, विहिरीच्या किंवा आडाच्या जवळ असे. तांब्याचा बंब, घंगाळ, अंग घासायचा दगड आणि भिंतीतील कोनाड्यात एखादी चिमणी, असा तिचा सरंजाम. कोनाड्याची कमान काजळीने काळी झालेली असायची. घरातील बायका उजाडण्यापूर्वीच न्हाऊन घेत. नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीच्या तोंडाशी पणती ठेवली जाई, आणि वर्षातून तेवढा एक दिवस न्हाणी उजळून निघे. पुढे वीज आली, तरी सवय तीच राहिली. चिमणीच्या जागी पंचवीसचा बल्ब आला; ‘मोरीला कशाला हवा एवढा उजेड?’ हा प्रश्न मात्र कायम राहिला.

त्या काळी या प्रश्नात तथ्य होते. विजेचे बिल भरणाऱ्याला प्रत्येक वॅटचा हिशेब ठेवावा लागे. आज तो हिशेब पार उलटला आहे. पंचवीस वॅटचा तारेचा बल्ब दिवसाकाठी दोन तास जळला, तर महिन्याला दीड युनिट वीज खात असे, आणि उजेड देत असे जेमतेम सव्वादोनशे ल्युमेन. आजचा नऊ वॅटचा एल.ई.डी. बल्ब तेवढ्याच वेळात अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक वीज घेतो आणि आठशे ते नऊशे ल्युमेन उजेड देतो. म्हणजे वीज सुमारे एक-तृतीयांश आणि उजेड जवळजवळ चौपट! २०१५ साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘उजाला’ योजनेनंतर हे बल्ब घरोघर पोहोचले आणि सर्वांच्या आवाक्यात आले. तेव्हा काटकसरीच्या नावाखाली न्हाणीघरात अंधार राखण्याचे आता काहीच कारण उरलेले नाही.

मध्यंतरी एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांच्या सूनबाईंनी नव्या फ्लॅटमधील न्हाणीघरासाठी आरशाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी धातूचे नक्षीदार दिवे पसंत केले आहेत, आणि छताला शुभ्र प्रकाशाचे पॅनेल लावायचे ठरवले आहे. ‘अहो आई, आता जुना काळ राहिला नाही, चेहरा नीट दिसायला नको का?’ असे सूनबाई म्हणतात. सासूबाईंचे म्हणणे असे, की रात्री दोनदा उठावे लागते, तेव्हा तो पांढरा उजेड डोळ्यांत सुईसारखा टोचतो, परत येऊन झोप लागत नाही. त्यापेक्षा एक साधा बारीक दिवा पुरे. दोघींत बरोबर कोण, अशी विचारणा आहे.

उत्तर असे, की दोघीही बरोबर आहेत. एकाच खोलीत निरनिराळ्या वेळी निरनिराळी कामे होतात, आणि प्रत्येक कामाचा उजेड वेगळा असावा लागतो, हे एकदा ध्यानात घेतले की हा वाद मिटतो. न्हाणीघराला तीन प्रकारचा उजेड लागतो : आंघोळीचा, आरशाचा आणि रात्रीचा.

आंघोळीचा उजेड म्हणजे सबंध खोलीचा उजेड. आपल्या फ्लॅटमधील न्हाणीघरे बहुधा पाच फूट रुंद आणि आठ फूट लांब, एवढीच असतात. एवढ्या खोलीला आठशे ते हजार ल्युमेनचा एक दिवा पुरतो. फरश्या गडद रंगाच्या असतील तर त्या उजेड गिळतात, म्हणून थोडा अधिक घ्यावा. दिव्याला दुधी झाकण असावे, म्हणजे उजेड पसरतो आणि डोळ्यांवर तिरीप येत नाही. हा दिवा दाराच्या डोक्यावर नसावा. तेथे तो असला, की आत शिरणाऱ्या माणसाची सावली त्याच्याच पावलांपुढे पडते, आणि पाण्याचा ओघळ किंवा साबणाची वडी नेमकी त्या सावलीत दडते. छताच्या मध्यावर दिवा असला तर फरशीचे चारही कोपरे दिसतात. कोरडा भाग आणि ओला भाग यांच्यामध्ये इंच-दोन इंचांची पायरी असेल, तर तिची कड उठून दिसते की नाही, हे दिवा पक्का करण्यापूर्वी संध्याकाळी हातात दिवा धरून पाहावे.

आरशाच्या उजेडाबाबत सर्वसाधारण समजूत अशी, की दिवा आरशावर पडला पाहिजे. प्रत्यक्षात तो आरशासमोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे. दिवा डोक्यावर असला, की भुवयांखाली, नाकाखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात. धडधाकट माणूसही आजारी दिसतो, आणि दाढी करणाऱ्या पुरुषाला गळ्याकडील भाग चाचपून पाहावा लागतो. पाठीमागे असला, तर चेहराच सावलीत जातो. सर्वांत उत्तम योजना म्हणजे आरशाच्या डाव्या-उजव्या अंगांना, डोळ्यांच्या उंचीवर, फरशीपासून पाच-साडेपाच फुटांवर, दुधी काचेचे दोन उभे दिवे. नाटकमंडळींच्या रंगपटात आरशाच्या कडेने दिवे असतात, ते याच कारणासाठी. तेवढी जागा नसेल, तर आरशाच्या वरच्या कडेला आरशाइतकाच लांब दिवा लावावा; छोट्या गोल दिव्यापेक्षा तो केव्हाही बरा.

येथे उजेडाच्या रंगाचा मुद्दा येतो. खोक्यावर केल्विन या एककात एक आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर शुभ्र, आणि ४००० म्हणजे दोहोंच्या मधला, सकाळच्या उजेडाजवळ जाणारा. आरशाला हा मधला सर्वांत मानवतो. त्याखेरीज ‘सी.आर.आय.’ असाही एक आकडा असतो. त्या दिव्याखाली वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात, ते शंभरपैकी किती गुण, अशा रीतीने त्यात सांगितलेले असते. ऐंशीच्या खालचा दिवा घेऊ नये. आरशासाठी नव्वदचा मिळाला तर चार पैसे अधिक देऊनही घ्यावा. हा केवळ नटण्यामुरडण्याचा प्रश्न नाही. डोळ्यांत उतरलेली काविळीची पिवळी छटा, ओठांचा फिकटपणा, अंगावर उठलेले पुरळ, या गोष्टी माणसाच्या स्वतःच्या लक्षात येतात त्या बहुधा सकाळी तोंड धुताना, आरशापुढेच. पिवळ्या दिव्याखाली पिवळेपणा ओळखू येत नाही, आणि निळसर दिव्याखाली सगळेच निस्तेज दिसतात. आरशापुढचा उजेड खरे सांगणारा असावा, तो यासाठी.

आता रात्रीचा उजेड. आणि या तिन्हींत ज्याचा सर्वांत कमी विचार होतो, तोच सर्वांत मोलाचा आहे. वयानुसार डोळ्याची बाहुली आकुंचित होते, आतील भिंग पिवळसर आणि धूसर होऊ लागते. विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेवढा उजेड पोहोचतो, त्याच्या साधारण एक-तृतीयांशच साठीच्या डोळ्यात पोहोचतो. म्हणून सासूबाईंना दिवसा सुनेपेक्षा अधिक उजेड हवा असतो. परंतु त्याच डोळ्यांना प्रखर उजेडाचा त्रासही अधिक होतो. मोतीबिंदू असेल तर विशेषच. शिवाय उजेडातून अंधारात गेल्यावर वृद्ध डोळा सावरायला बराच वेळ घेतो. मध्यरात्री उठून लखलखीत दिवा लावला, आणि तो मालवून परत अंथरुणाकडे निघाले, की ती चार-सहा पावले माणूस जवळपास आंधळेपणाने टाकतो. पडण्याचे प्रसंग येतात ते अशाच वेळी. त्यातून निळसर शुभ्र प्रकाशाने झोप मोडते, ती वेगळीच.

याचा उपाय अगदी स्वस्त आहे. अर्ध्या वॅटचा, पिवळसर किंवा तांबूस प्रकाशाचा एक दिवा उंबरठ्याजवळ, फरशीपासून फूट-दीड फुटावर, परंतु पाणी उडणार नाही अशा बाजूला लावावा, आणि तो रात्रभर तेवत ठेवावा. एक युनिट वीज खर्च व्हायला त्याला दोन हजार तास लागतात, म्हणजे रोज रात्री आठ तास जळूनही वर्षाला दीड युनिटापेक्षा फारसे अधिक होत नाही. इतक्या खालून येणारा तिरपा उजेड डोळ्यांत जात नाही, पण फरशीवरचे पाणी चमकून दिसते आणि उंबरठ्याची कड स्पष्ट होते. माणसाची चाहूल लागताच आपोआप लागणारे दिवेही आता मिळतात. अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर असा एखादा दिवा असला, तर घरातील वृद्धांना बटण चाचपीत भिंत धरावी लागत नाही.

बटण बाहेरच, दाराच्या उघडत्या बाजूला आणि ओल्या हाताला लांब असावे. आंघोळीचा दिवा, आरशाचा दिवा आणि रात्रीचा दिवा यांची बटणे वेगवेगळी ठेवली, की पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या घरातील प्रश्न सुटला! अंधारात चमकणारी खूण असलेले बटण मिळते. निदान एक तरी तसे घ्यावे. आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. इन्व्हर्टरच्या जोडणीवर दिवाणखान्याचा पंखा असतो, दूरदर्शन-संच असतो. न्हाणीघराचा दिवा नसतो. आत कोणी असताना वीज गेली, तर डोक्याला साबण लावलेला माणूस ओल्या फरशीवर काळोखात कडी शोधत उभा राहतो. इन्व्हर्टर बसवणाऱ्याला सर्वप्रथम हा दिवा जोडायला सांगावे. इन्व्हर्टर नसेल, तर वीज गेल्यावरही काही तास जळणारा, आत बॅटरी असलेला बल्ब घ्यावा.

ग्वाल्हेरच्या जयविलास महालातील दरबार-दालनात दोन प्रचंड झुंबरे आहेत. प्रत्येकाचे वजन साडेतीन टनांच्या घरात आहे. १८७४ साली उभारलेल्या या महालात ती टांगण्यापूर्वी छत ते ओझे पेलेल की नाही हे पाहण्यासाठी छतावर हत्ती चढवले होते, असे आवर्जून सांगितले जाते. आपल्याला हत्ती आणण्याचे कारण नाही. पण दिवा पसंत करण्याआधी जागा पारखावी, हा त्यातला शहाणपणा न्हाणीघरालाही लागू आहे. येथे पारखायचे ते पाणी आणि वीज यांच्यातील अंतर.

पाश्चात्त्य घरांत टब किंवा फवारा एका कोपऱ्यात बंदिस्त असतो, बाकीची खोली कोरडी राहते. आपल्याकडे बादली आणि तांब्याने अंगावर पाणी घेण्याची रीत आहे. शिंतोडे चारही भिंतींवर जातात, गीझरची वाफ छतापर्यंत पोहोचते. म्हणून छोटे न्हाणीघर सबंधच ओले आहे असे धरून चालावे. दिव्याच्या खोक्यावर ‘आय.पी.’ आणि त्यापुढे दोन अंक असतात. पहिला अंक धुळीपासूनचे संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचे. दुसरा अंक ४ असेल तर कोणत्याही दिशेने उडालेल्या शिंतोड्यांना दिवा दाद देत नाही; ५ असेल तर पाण्याची धारही तो सोसतो. आरशाजवळ आणि छताला आय.पी. ४४ चालेल, फवाऱ्याच्या वर किंवा त्याच्या दोन फुटांच्या आत दिवा असेल, तर आय.पी. ६५ घ्यावा. फवाऱ्याच्या जागेत, फरशीपासून साडेसात फुटांपर्यंत, साधा दिवा मुळीच नको. वायरला लोंबकळणारा होल्डर, झुंबर, उघडा बल्ब, यांना न्हाणीघरात थारा देऊ नये.

सूनबाईंच्या सोनेरी दिव्यांविषयी एक शब्द. धातूचा दिवा सुंदर असतो, परंतु त्याला अर्थिंगची तार जोडलेली असलीच पाहिजे. पुष्कळ घरांत दिव्याच्या जागेपर्यंत दोनच तारा ओढलेल्या असतात. तिसरी, हिरवी तार नसते. अशा ठिकाणी धातूचा दिवा लावला आणि आत कोठे वायर खरचटली, तर तो सबंध दिवाच वीज धरून बसतो. वायरमनला विचारावे, ‘येथे अर्थिंग आली आहे का?’ आली नसेल, तर ती ओढून घ्यावी, नाहीतर प्लॅस्टिकच्या अंगाचा, दुहेरी आवरणाचा दिवा घ्यावा. अशा दिव्यावर एका चौकोनात दुसरा छोटा चौकोन, अशी खूण असते. त्याचबरोबर बटणाने फेजची तार तुटते की न्यूट्रलची, हेही टेस्टर लावून तपासून घ्यावे. न्यूट्रल तुटत असेल, तर दिवा विझलेला दिसतो. होल्डरमध्ये वीज मात्र तशीच असते, आणि बल्ब बदलणाऱ्याला ती गाठते.

या सर्वांच्या पाठीशी एक पहारेकरी हवा. वायरमन ज्याला ‘ई.एल.सी.बी.’ किंवा ‘आर.सी.सी.बी.’ म्हणतात, ते तीस मिलिअँपिअरचे यंत्र मुख्य पेटीत बसवलेले असावे. वीज वाट चुकून माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाऊ लागली, की क्षणार्धात ते प्रवाह तोडते. त्यावर ‘टी’ अक्षराचे छोटे बटण असते. ते दर तीन महिन्यांनी दाबून पाहावे. वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर पहारेकरी झोपला आहे असे समजून त्याच दिवशी वायरमनला बोलवावे. घरात सोन्याच्या भावाचा दिवा आणला आणि हे यंत्र बसवले नाही, तर त्या खर्चाला अर्थ नाही. पैसा मर्यादित असेल तर आधी हे यंत्र, मग रात्रीचा दिवा, मग आंघोळीचा, आणि आरशाची नक्षी सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा.

खरेदीविषयी थोडक्यात. इंदूरच्या महाराणी रोडवर काय किंवा आपल्या गावच्या पेठेत काय, दुकानातील शेकडो दिव्यांच्या झगमगाटात कोणताही दिवा चांगलाच दिसतो. म्हणून नजरेवर विसंबू नये, खोके वाचावे. वॅटऐवजी ल्युमेन पाहावेत, केल्विन, सी.आर.आय. आणि आय.पी. पाहावा, भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे ना, ते पाहावे. पावती आणि हमीपत्र जपून ठेवावे. शक्य तो ज्यातील बल्ब बदलता येतो असा दिवा घ्यावा. छतात बसवलेले अखंड पॅनेल बिघडले, की सबंधच फेकावे लागते, आणि चार वर्षांनी त्याच मापाचे दुसरे मिळेलच असे नाही. बंदिस्त झाकणात एल.ई.डी. तापते आणि वाफेने तिचे आयुष्य घटते, म्हणून न्हाणीघरात हवा बाहेर टाकणारा पंखा असावा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग झाकणावर साचतात आणि उजेड हळूहळू कमी होतो, इतका हळू की कोणाच्या ध्यानातही येत नाही. दिवाळीच्या साफसफाईत, मुख्य बटण बंद करून, ही झाकणे उतरवून धुवावीत.

ज्यांचे घर भाड्याचे आहे किंवा ज्यांना भिंती फोडायच्या नाहीत, त्यांनीही निराश होऊ नये. पंचवीसचा जुना बल्ब काढून तेथे झाकणाचा नऊ वॅटचा दिवा लावणे, न्हाणीघराबाहेरच्या प्लगमध्ये रात्रीचा छोटा दिवा खोचणे आणि मुख्य पेटीतील यंत्राची तपासणी करून घेणे, ही तीन कामे एका दुपारी आणि थोड्या खर्चात होतात.

या महिन्यात एका रात्री, घर निजल्यावर, प्रत्येकीने आपल्या घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंत, त्यांचाच चष्मा काढून ठेवला आहे अशा कल्पनेने, सावकाश चालत जावे. कोठे हात भिंत शोधतो, कोठे पाऊल अडखळते, कोठे डोळे दिपतात, ते ध्यानात ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी वायरमनला नेमके तेवढेच सांगावे. दुकानातील कोणत्याही विक्रेत्याला देता येणार नाही अशी यादी त्यातून तयार होईल. पुढील अंकी स्वयंपाकघरातील ओट्यावरच्या उजेडाचा विचार करू.